शिसे की लोखंड?

होमिओपॅथीचे प्रवर्तक सॅम्युएल हानेमान यांचे नाव आपल्या घराघरांत परिचित आहे. या उपचारपद्धतीचा पाया घालणारा त्यांचा निबंध १७९६ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी आठ वर्षे, १७८८ साली, त्यांनी रसायनशास्त्रात केलेली एक कामगिरी मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. द्रावणातील शिसे आणि लोखंड वेगवेगळे ओळखण्याची ती रीत होती. तिचे मोल जाणण्यासाठी जर्मनीतील द्राक्षमद्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

आंबट मद्य गोड करण्यासाठी त्यात मुरदाडशिंग मिसळण्याची चाल युरोपात जुनी होती. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मद्यातील आम्लाशी त्याचा संयोग झाला की शिशाचा गोड क्षार तयार होतो. पिणाऱ्याच्या वाट्याला मात्र तीव्र पोटशूळ, हातापायांचा लुळेपणा आणि प्रसंगी मृत्यू येत असे. उल्म नगरीचे वैद्य एबरहार्ड गॉकेल यांना १६९४ च्या सुमारास मठांतील रुग्ण तपासताना दिसून आले की, मद्य न घेणारे साधू या व्याधीपासून मुक्त आहेत. त्या धाग्यावरून ते मुरदाडशिंगापर्यंत पोहोचले. १६९६ साली व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने अशा भेसळीस देहदंडाची शिक्षा ठरविली.

शिक्षा ठरली; पण अपराध सिद्ध कसा करावयाचा? अठराव्या शतकात त्यासाठी हरताळ व चुना पाण्यात उकळून केलेले द्रावण वापरीत. त्याचे काही थेंब टाकताच मद्य काळे पडले, की भेसळ झाली असे मानले जाई. या परीक्षेत एक मोठा दोष होता. मद्यात लोखंडाचा अंश असला तरीही ते काळेच पडे, आणि असा अंश पिपाच्या कड्यांतून किंवा अवजारांतून सहज उतरू शकतो. म्हणजे प्रामाणिक व्यापाऱ्यावरही विषप्रयोगाचा आळ येण्याचा धोका होता.

हानेमान यांनी हायड्रोजन सल्फाइड वायूने युक्त असे आम्लधर्मी पाणी वापरले. आम्लाच्या सान्निध्यात शिशाचा काळा साका खाली बसतो, लोखंडाचा बसत नाही. याचे कारण पुढे आयनांच्या सिद्धान्ताने उलगडले. आम्लामुळे द्रावणातील सल्फाइड आयन अत्यल्प उरतात. शिशाचे सल्फाइड इतके अविद्राव्य आहे की तेवढेही त्यास पुरतात. लोखंडास ते पुरत नाहीत. ‘आयन’ ही संज्ञा फॅरडे यांनी १८३४ साली रूढ केली, हे ध्यानात घेतले म्हणजे हानेमान यांच्या निरीक्षणाची सूक्ष्मता पटते.

अर्थात ही परीक्षाही परिपूर्ण नव्हती. तांबे आणि पारा यांचे साकेही आम्लात काळेच बसतात. म्हणून शिशाची खातरजमा निराळी करावी लागते. शिशाचा पांढरा क्लोराइड गरम पाण्यात विरघळतो, आणि त्यात पोटॅशियम आयोडाइड घालून द्रावण थंड होऊ दिले की सोनेरी पिवळे स्फटिक चमकू लागतात.

एकेका परीक्षेची ही मर्यादा ओळखूनच हाइनरिख रोझे यांनी १८२९ साली आणि फ्रेझेनियस यांनी १८४१ साली आपल्या ग्रंथांत परीक्षांचा क्रम व्यवस्थित लावून दिला. आधी आम्लात सल्फाइड, मग अमोनियाने अल्कधर्मी केलेल्या द्रावणात लोखंड, जस्त आदींचा शोध. प्रत्येक पायरीवर एक गट गाळून बाजूला काढावयाचा, म्हणजे पुढच्या उत्तरात त्याची लुडबुड होत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांचा वास सहन करीत आपल्यापैकी अनेकांनी हाच क्रम गिरविला आहे.

आज शिशाचा अत्यल्प अंशही यंत्रे मोजून देतात. तरी आम्हांस हानेमान यांची परीक्षा मोलाची वाटते. दोषी कोण हे सांगण्याइतकेच निर्दोष कोण हेही परीक्षेने सांगितले पाहिजे, ही जाणीव तिच्यामागे होती. जेथे निकालावर माणसाचा जीव अवलंबून होता, तेथे ती जाणीव म्हणजेच न्याय होता.