मागच्या आसाची गोष्ट

बैलगाडीत बसून ज्यांनी एकदा तरी कच्च्या रस्त्याने प्रवास केला असेल, त्यांना आसाचा महिमा निराळा सांगायला नको. डावे चाक धोंड्यावर चढले की उजवीकडे बसलेला माणूस कलंडतो. खड्ड्यात जाते एकच चाक, परंतु हाडे मात्र साऱ्यांची खिळखिळी होतात. याचे कारण उघड आहे. दोन्ही चाके एकाच आसाच्या टोकांना अडकवलेली असतात. एकाचे दुःख दुसऱ्याला भोगावेच लागते. चाक माणसाच्या हाती येऊन हजारो वर्षे झाली, तरी चालत्या गाडीची ही दोन चाके एकमेकांपासून मोकळी करण्याचा विचार खऱ्या अर्थाने मूळ धरू लागला तो मोटार आल्यानंतर. या सुटकेची, आणि तिचा लाभ अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकसारख्या अगदी अनपेक्षित वाहनाला कसा मिळाला त्याची, हकिगत येथे सांगायची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या घोडागाड्यांना पोलादी पाट्यांच्या कमानी बसू लागल्या. लांबीने कमी कमी होत गेलेले पाटे एकावर एक रचून ते मध्यभागी आवळायचे, की कमान तयार झाली. कोणत्याही मालमोटारीखाली वाकून पाहिले तर हीच कमान बहुधा आजही दृष्टीस पडते. ती स्वस्त असते, दणकट असते, आणि ओझे पेलता पेलता आसालाही जागच्या जागी धरून ठेवते. एका वस्तूकडून दोन कामे होत असताना ती बदलण्याची घाई कोण करील?

परंतु मोटारीत एक नवी अडचण उभी राहिली. बैलगाडीचा आस नुसता लाकडाचा किंवा लोखंडाचा दांडा असतो. मोटारीच्या मागच्या आसाच्या पोटात मात्र डिफरन्शियल नावाची जड दातेरी यंत्रणा असते. इंजिनाची शक्ती वळवून ती दोन्ही चाकांना वाटून देते. म्हणजे चाक उसळले की त्याच्याबरोबर हा सारा लोखंडी गोळाही उसळतो. कमानीच्या खाली असलेले हे वजन जितके जास्त, तितके चाक रस्त्याला चिकटून राहायला नाखूश. मोटारीचा वेग वाढू लागला तसे हे दुखणे वाढत गेले.

त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधून टाकायचे आणि तेथून प्रत्येक चाकाकडे एकेक सुटा अर्धा दांडा न्यायचा. एडमंड रुंपलर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९०३ साली अशा झुलत्या आसाचे पेटंट घेतले, आणि १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबाच्या आकाराची आपली विलक्षण मोटार मांडली. दोनच वर्षांनी हान्स लेडविंका याने टाट्रा ११ ही मोटार झुलत्या आसावर उभी केली. पुढे टाट्राने आपल्या अवजड मालमोटारींनाही हीच पद्धत लावली.

तथापि हा झुलता आस निर्दोष नव्हता. वेगाने वळण घेताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जाई आणि बाहेरचे चाक आत दुमडू पाही. शेव्हरोलेने १९६० सालच्या कॉर्व्हेर मोटारीला असाच आस दिला होता. राल्फ नेडर याने १९६५ साली ‘अन्सेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात तिच्यावर जो घणाघात केला, तो अमेरिकेत फार गाजला. चाके सुटी करणे सोपे. सुटी झालेली चाके शिस्तीत ठेवणे कठीण, हा धडा त्यातून साऱ्यांनी घेतला.

आता आपल्या कथेच्या नायकाकडे वळू. फोर्डने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला मागे माल ठेवण्याची पेटी जोडून ती कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला, सुताराला आणि वाण्याला हवी होती ती वस्तू मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेव्हरोलेने १९४७ साली आणि फोर्डने १९४८ साली आपापले नवे पिकअप ट्रक बाजारात आणले. १९५३ साली आलेल्या फोर्ड एफ-१०० चा गोलसर, भारदस्त चेहरा तर लोकांच्या मनात कायमचा बसला. या साऱ्यांच्या मागे तोच अखंड आस आणि त्याच पाट्यांच्या कमानी होत्या. धान्याची पोती भरली की गाडी शहाण्यासारखी चाले. रिकामी असली की मागचा भाग कोकरासारखा उड्या मारी. ताठ कमानीला ओझ्यावाचून वाकणेच ठाऊक नव्हते. मालकाला त्याचे काही वाटत नसे. त्याने गाडी ओझ्यासाठी घेतलेली असे, सुखासाठी नव्हे.

इकडे इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॅग्वार कारखान्यात निराळेच नाट्य चालू होते. जॅग्वारच्या डी-टाइप मोटारींनी १९५५, १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे फ्रान्समधली ल मांची शर्यत जिंकली, ती अखंड आसावरच. परंतु गुळगुळीत शर्यतमार्ग वेगळा आणि खडबडीत रस्ता वेगळा. बॉब नाइट या अभियंत्याने सुट्या चाकांची रचना करण्याचे काम अंगावर घेतले. कारखान्याचे धनी सर विल्यम लायन्स यांनी ‘महिन्याभरात तुम्हांला हे जमायचे नाही’ म्हणून त्याच्याशी पाच पौंडांची पैज लावली, आणि नाइटने ते काम सत्तावीस दिवसांत पुरे केले, अशी कथा सांगतात. ही रचना १९६१ साली ई-टाइप मोटारीत प्रथम लोकांपुढे आली.

तिच्यातली युक्ती समजून घेण्याजोगी आहे. चाकाला धरून ठेवण्यासाठी वर एक आणि खाली एक असे दोन दांडे लागतात. नाइटने खालचा दांडा वेगळा दिला. वरच्या दांड्याचे काम मात्र चाक फिरवणाऱ्या अर्ध्या आसाकडूनच करून घेतले. प्रत्येक बाजूला दोन अशा चार गुंडाळी स्प्रिंगा बसवल्या. ब्रेकच्या तबकड्या चाकांपासून काढून डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना नेल्या. तेवढे चाकांवरचे वजन घटले. आणि हा सारा संसार एका पोलादी पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा रबराच्या गाद्यांवर मोटारीला टांगला, म्हणजे यंत्राची कुरकुर आत बसलेल्यांच्या कानी पडू नये. तीच रचना पुढे १९६८ सालच्या एक्सजे-६ या मोठ्या मोटारीत आली आणि किरकोळ फेरफारांनिशी कित्येक वर्षे चालू राहिली.

या पिंजऱ्याचे एक अनपेक्षित फळ निघाले. बोल्ट सोडले की आस, ब्रेक, स्प्रिंगा सगळे एकत्र, एका पेटीसारखे खाली येई. सत्तरीच्या दशकात जॅग्वारच्या बांधणीची कीर्ती ढासळली. अमेरिकेत गेलेल्या अनेक एक्सजे-६ मोटारी इंजिनाच्या आणि विजेच्या तक्रारींनी अकालीच भंगारात पडल्या. त्यांचा मागचा भाग मात्र धडधाकट होता. जुन्या मोटारींना नवे रूप देणाऱ्या हौशी कारागिरांनी तो हेरला. चाकाचे पाच बोल्ट पावणेपाच इंची वर्तुळावर असत, आणि शेव्हरोलेच्या मोटारींचेही माप तेच. त्यामुळे चाकांचा प्रश्न आपोआप सुटला. जुन्या पिकअपच्या पाट्यांच्या कमानी काढून तेथे राजेशाही जॅग्वारचा आस बसवण्याची प्रथा अशी रूढ झाली. पुढे कॉर्व्हेटचे आणि थंडरबर्डचे मागचे भागही याच वाटेने आले.

काम वाटते तितके सरळ नव्हते. अखंड आस इंजिनाचा पीळ आपल्या कमानींवर झेलतो. डिफरन्शियल सांगाड्याला बांधले की तो सारा पीळ सांगाड्यावर येतो, म्हणून तेथे नवी भक्कम आडवी तुळई जोडावी लागते. पुष्कळ जण रबराच्या गाद्या काढून डिफरन्शियल थेट लोखंडाला आवळत. मग चाकाला पुढून ओढून धरणाऱ्या दांड्याचे टोक खालच्या दांड्याच्या बिजागरीच्या रेषेतच यावे लागे. ते चुकले की जोड अडकत, आणि अडकलेले लोखंड आज ना उद्या चिरते. काहींनी तो पुढचा दांडा अडगळ समजून गाळूनच टाकला. रबराच्या गादीत जी ढिलाई होती ती आळसातून नव्हे, विचारातून ठेवलेली होती, हे अशांना उशिरा कळले. डिफरन्शियलला चिकटलेले ब्रेकही तापत, तेल अडवणारी सीले करपत, आणि तबकड्या बदलायच्या तर बहुधा सारा पिंजरा खाली उतरवावा लागे.

सगळ्यांत मोठा सौदा आणखी वेगळा होता. जॅग्वारच्या स्प्रिंगा पाच माणसे आणि त्यांच्या पेट्या एवढ्या हिशेबाने केलेल्या. त्यांवर विटा किंवा पोती लादली की गाडी बसते, चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरांच्या आतल्या कडा झिजून जातात. म्हणजे ज्या गाडीला सुख मिळाले, तिचे कष्ट करणे थांबले. पिकअप राहिला, पण त्याच्या पाठीवरचे ओझे गेले. याची खंत करणारे जुने लोक अमेरिकेत आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे म्हणवत नाही.

परंतु दुसरी बाजूही आहे. ज्या गाड्या शेताच्या बांधाला गंजून मातीत गेल्या असत्या, त्या या खटाटोपामुळे रस्त्यावर राहिल्या. शिवाय चाकांची मोकळीक आणि मालाची पेटी यांचे मुळातच वाकडे आहे असेही नाही. मात्र त्यासाठी सारी मापे पहिल्यापासून ओझ्याच्या हिशेबाने धरावी लागतात. फोक्सवॅगनच्या १९५२ सालच्या छोट्या मालगाडीला सुटी मागची चाके होतीच. अमेरिकेच्या बाजारात २००५ साली होंडाने रिजलाइन हा पिकअप ट्रक कारखान्यातूनच सुट्या मागच्या चाकांचा काढला, आणि २०२२ साली फोर्डच्या विजेवर चालणाऱ्या एफ-१५० लाइटनिंगनेही तोच मार्ग धरला. कारागिरांनी भंगारातून उचललेली कल्पना अशी कारखान्यात हिशेबासकट उतरली.

जाता जाता एक गंमत. फोर्डच्या पिकअपला जॅग्वारचा आस जोडण्याची रीत पडल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९८९ साली, फोर्डने जॅग्वार कंपनीच विकत घेण्याचा सौदा केला. आणि २००८ साली तीच जॅग्वार मुंबईच्या टाटा मोटर्सने फोर्डकडून घेतली. पाट्यांच्या कमानींवर भारताचे ओझे वाहणाऱ्या मालमोटारी बांधून जो कारखाना मोठा झाला, त्याच्या घरी बॉब नाइटचा वारसा येऊन पोहोचला. पुण्याकडच्या रस्त्यावर पुढे एखादी भरलेली मालमोटार डुलत डुलत घाट चढताना दिसली, तर तिच्या मागच्या आसाकडे एकदा अवश्य पाहावे. तो अजून अखंड असेल. त्याच्यावर ओझे आहे.