तांब्याचा हंडा

ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, सकाळी 6.20
टाकीत 28 लिटर पाणी, तापमान 28 अंश. चेरी कोळंब्या 86, आदल्या रात्री मीच मोजलेल्या. त्यांतल्या पाच माद्यांच्या पोटाशी अंडी. द्वादशीला सकाळी 86 पैकी 3 जिवंत होत्या.

मी प्रयागराजला लग्नाला निघालो होतो. बारा वर्षांच्या मुलाला सांगितलं, "रोज एक लिटर पाणी घाल. आरओचं." टाकीवर पंखा लावलेला होता. वाऱ्याने पाणी थंड राहतं, पण दिवसाला दीड लिटर उडूनही जातं.

सप्तमी, दुपारी 1.45
मुलाचा फोन. आरओ बंद पडला होता, दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. मी वरातीत, कानाशी बँड. म्हणालो, "मग प्यायचं पाणी घाल."

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात प्यायचं पाणी दोन प्रकारचं असतं. आमचं आरओचं आणि आईचं हंड्यातलं. हंडा तांब्याचा, तिच्या लग्नातला. मुलाने हंड्यातलं घेतलं. सांगितलेलं त्याने अक्षरशः पाळलं.

नवमी, संध्याकाळी 7.10
पुन्हा फोन. "बाबा, गोगलगायी सगळ्या काचेवर वर चढल्यात. पाण्याच्या बाहेर."

मी म्हटलं, "उकाडा आहे. राहू दे."

गोगलगाय पाण्याबाहेर येते ती पाण्यात काहीतरी बिघडलं म्हणून. हे मला माहीत होतं. बाजारातलं माशांचं कोणतंही औषध घेताना बाटलीवर कॉपर सल्फेट लिहिलंय का, हे मी भिंगाने पाहतो. चौदा महिन्यांपूर्वी कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून 12 कोळंब्या आणल्या, तेव्हापासून ही सवय. स्वयंपाकघरातल्या हंड्यावर मात्र कुठलंच लेबल नव्हतं.

दशमी, पहाटे 5.00
गंगा दशहरा. आईने आदल्या रात्री हंडा चिंच-मीठ लावून घासला होता, आतूनबाहेरून. तांबं लख्ख झालं. चिंचेच्या आम्लाने धातूवरचा जुना थर जातो आणि उघडं तांबं पाण्याला लागतं. घाटावरून शेजारच्या मुलाने दोन खेपांत गंगेचं पाणी आणून तो भरला.

हा घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात बांधला. जागा मासेमाऱ्यांकडून विकत घेतली होती, असं सांगतात. आमच्या घरात कोळंबी शिजत नाही. टाकी आणली तेव्हा आई आठ दिवस बोलली नव्हती. नंतर तीच सकाळी जपाची माळ घेऊन टाकीसमोर बसू लागली.

दशमी, सकाळी 9.30
मुलाने चौथा लिटर ओतला. पहिले तीन जुन्या, काळवंडलेल्या हंड्यातले होते, हा नव्याने घासलेल्यातला. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं.

एकादशी, दुपारी 12.15
निर्जला एकादशी. आई पहाटेपासून पाण्याच्या थेंबाविना. बाहेर 44 अंश. टाकीची पातळी दोन बोटं खाली. आज पाणी देण्याचं पुण्य मोठं, म्हणून तिने दोन तांबे भरून टाकीत घातले. सुमारे दोन लिटर.

एकादशी, संध्याकाळी 6.40
मी घरी पोचलो. कोळंब्या टाकीभर भिरभिरत होत्या. मादीने कात टाकली की नर तिच्या वासावर असेच धावतात. मुलाला म्हणालो, "बघ, कुणीतरी कात टाकलीय." टाकलेली कात कुठेच दिसत नव्हती. मी शोधलीही नाही.

6.55
टीडीएस मीटर बुडवला. 212. नेहमीचाच आकडा. मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते सांगतो. त्यांतलं लिटरमागे मिलीग्रॅमच्या अंशाएवढं तांबं त्याला वेगळं कळत नाही. मी मीटर पुसून डबीत ठेवला.

8.05
पालकाचं उकडलेलं पान टाकलं. एरवी मिनिटाभरात त्यावर झुंबड असते. पंधरा मिनिटांनी पानावर दोन कोळंब्या होत्या. मी जेवायला बसलो.

रात्री 11.35
वीज गेली. हवापंप थांबला, पंखा थांबला. आता गडबड कुठे आहे ते मला कळलं, असं मला वाटलं.

द्वादशी, रात्री 1.50
टॉर्च मारला. पाणी 31 अंश. तळाशी नऊ कोळंब्या आडव्या, उकडल्यासारख्या पांढुरक्या गुलाबी. बाकीच्या हलत होत्या.

मी ठरवलं: प्राणवायू कमी पडला, अमोनिया वाढला. उपाय एकच, पाणी बदलणं. आरओ बंद. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तेही सकाळी येणार. घरात क्लोरीन नसलेलं, थंड पाणी एकाच जागी होतं.

2.05
नळीने सहा लिटर काढलं. हंड्यातलं सहा लिटर भरलं. हळूहळू, बारीक धारेने, वीस मिनिटं लावून. शास्त्राप्रमाणे.

त्या हंड्यात तेव्हा पाणी 45 तास होतं. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवलं की जंतू मरतात, हे प्रयोगशाळेतही दिसलंय. माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलीग्रॅम तांबं. कोळंबीला त्याचा छोटासा अंशही पुरतो. आणि माझं टाकीचं पाणी मी मुद्दाम मऊ ठेवलेलं. मऊ पाण्यात तांबं जास्त चढतं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं तेही तांबंच, म्हणून तिचं रक्त निळसर. हे सगळं मी कधीतरी वाचलेलं होतं.

4.10
वीज आली. पंप सुरू झाला. बुडबुडे व्यवस्थित.

5.30
हलणाऱ्या कोळंब्या मोजता आल्या: 11. मुलगा उठून आला. त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही कुठलं पाणी घातलंत?"

मी म्हटलं, "प्यायचं."

6.45
जाळीने 81 काढल्या. दोन सापडल्या नाहीत. जिवंत 3, बादलीत, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या आरओच्या पाण्यात. अंडी असलेली एकही नाही.

7.10
आईने पूजा आटोपली. द्वादशीचं पारणं करायला तिने हंड्यातलं पाणी फुलपात्रात घेतलं आणि प्यायली.