दुधाचा दात आणि दुबळी प्रतिकारशक्ती

एचआयव्हीची झळ सांगली-सातारा पट्ट्याला लवकर लागली. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ मध्येच या प्रश्नावर काम सुरू केले. २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) मोफत मिळू लागली आणि जन्मतः बाधित मुले शाळेत जाण्याइतकी, दुधाचे दात पडण्याइतकी मोठी होऊ लागली. त्यांच्या दातांचा विचार मात्र मागेच राहिला. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे घरोघरचे वाक्य या मुलांच्या बाबतीत धोक्याचे आहे.

प्रतिकारशक्ती दुबळी होण्याची कारणे वेगवेगळी. एचआयव्हीत सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी घटतात. जिभेवर, टाळ्यावर बुरशीचा पांढरा थर धरतो. नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलाला स्टिरॉइडमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो. सर्वांत फसवे रूप रक्ताच्या कर्करोगात दिसते. पू मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचाच बनतो; केमोने त्या संपल्या की किडलेल्या दाढेखाली जंतू माजूनही गाल सुजत नाही, पू धरत नाही. ताप आणि ठणका, एवढीच खूण उरते. तोंडातले नेहमीचे स्ट्रेप्टोकोकाय जंतू अशा वेळी रक्तात उतरतात.

म्हणून केमोआधीच किडके दात भरावेत किंवा काढावेत. केमो सुरू झाल्यावर रक्ताचा रिपोर्ट पाहूनच दातांच्या कामाचा दिवस ठरवावा. दर मायक्रोलिटरला न्यूट्रोफिल १,००० पेक्षा कमी असतील तर तातडी नसलेले काम पुढे ढकलतात. प्लेटलेट फार कमी असतील तरीही. ताप असेल तर मात्र थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

हिरडीतून रक्त आले की आई ब्रश बंद करते. तिची भीती खरी, पण उपाय उलटा. दातांवर साचलेल्या थरानेच हिरडी अधिक सुजते. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, वयाच्या तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा. मिश्री मुलाच्या हिरडीला लावूच नये. ती तंबाखू आहे. औषधाची बरीच सिरपे साखरेची असतात, त्यात आपला हा उसाचा मुलूख. रात्रीच्या सिरपनंतर दात घासल्याशिवाय मुलाला झोपवू नये.

सांगली आणि कराडला दंतमहाविद्यालये आहेत, मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालरोगतज्ज्ञाने फाइलवर रक्ताचे आकडे लिहून मुलाला दंतवैद्याकडे पाठवावे, एवढाच दुवा हवा. दंतवैद्याने हातमोजे, मास्क, निर्जंतुक हत्यारे ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी घ्यायचीच असते. एचआयव्हीबाधित मुलासाठी वेगळे काही लागत नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने बेकायदा ठरवले असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.