पीक कापणी प्रयोग ते मशीन लर्निंग : डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या नमुना-विचाराची आजची प्रस्तुतता

प्रस्तावना
मशीन लर्निंगविषयीच्या अलीकडील संशोधनात प्रतिमानांइतकीच त्यांना शिकविणाऱ्या आकडेवारीच्या गुणवत्तेची चर्चा होऊ लागली आहे. माहिती विपुल असली की निष्कर्ष अचूक येतात, हा समज अपुरा असल्याचे भारतीय संख्याशास्त्रज्ञांच्या एका जुन्या वादातून स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या वादाचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 1911 मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून 1936 मध्ये पीएच.डी. मिळविली. 1940 पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांनी डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह यादृच्छिक नमुन्यावर आधारित पीक कापणी प्रयोगांची पद्धत विकसित केली.

त्याच काळात प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान वर्तुळाकार तुकडे कापून उत्पादनाचा अंदाज घेत होते. तुकडा लहान असल्यास खर्च कमी होतो व अधिक नमुने घेता येतात, ही त्यांची भूमिका होती. सुखात्मे यांनी 1946 मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. कडेवरची रोपे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान, तितका या कडेचा प्रभाव मोठा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

साध्या गणिताने हे पडताळता येते. 2 फूट त्रिज्येच्या वर्तुळात चुकून 2 इंच बाहेरपर्यंतची रोपे आली, तर क्षेत्र सुमारे 17 टक्क्यांनी वाढते. 8 फूट त्रिज्येच्या वर्तुळात तीच चूक सुमारे 4 टक्क्यांची ठरते. नमुने वाढविल्याने यादृच्छिक त्रुटी घटते. एकाच दिशेने होणारी चूक, म्हणजे अभिनती, मात्र तशीच राहते.

मशीन लर्निंगच्या संदर्भात
पंतप्रधान पीक विमा योजनेत 2023 च्या खरिपापासून भात व गहू या पिकांसाठी उपग्रह-माहितीवर आधारित उत्पादन-अंदाजाला किमान 30 टक्के भारांश देण्याचे धोरण आले. अशी प्रतिमाने शिकविण्यासाठी व तपासण्यासाठी प्रत्यक्ष कापणीचेच आकडे लागतात. त्या आकड्यांत अभिनती असल्यास प्रतिमान तीच शिकते. चाचणीचे आकडेही त्याच पद्धतीचे असल्याने दोष उघडकीस येत नाही आणि चाचणीतील अचूकता समाधानकारक दिसत राहते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. विम्यातील उंबरठा उत्पादन मागील 7 वर्षांपैकी सर्वोत्तम 5 वर्षांच्या सरासरीवरून व जोखीमस्तरावरून ठरते. जुने व नवे आकडे सारख्याच प्रमाणात फुगलेले असतील, तर दोष परस्पर कटतो. मापनाची पद्धत मध्येच बदलली, तर तो कटत नाही. उंबरठा हेक्टरी 20 क्विंटल व खरे उत्पादन 18 क्विंटल असताना नव्या पद्धतीने 21 क्विंटल दाखविले, तर नुकसान कागदावर उरतच नाही आणि भरपाई नाकारली जाते. बोईसरनजीकच्या बेटेगावपासून जव्हारपर्यंत भात हेच खरिपाचे मुख्य पीक असलेल्या पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

निष्कर्ष
आज कापले जाणारे तुकडे त्या काळच्या लहान वर्तुळांपेक्षा बरेच मोठे असतात, यात सुखात्मे यांच्या आक्षेपाचे महत्त्व दिसते. महालनोबिस यांचा खर्चाचा विचारही निराधार नव्हता. उपग्रहाचा आधार घेण्यामागे आज तेच कारण आहे. तथापि प्रतिमान स्वीकारण्यापूर्वी त्याला शिकविणारे आकडे कोणी, कोठे व कसे मोजले, हे विचारणे अगत्याचे आहे. डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमांत नमुना-पाहणीला गौण स्थान देणे म्हणूनच योग्य नव्हे. या परिसरातील महाविद्यालयांनी भातकापणीच्या हंगामात एकाच खाचरात निरनिराळ्या आकाराचे तुकडे कापून विद्यार्थ्यांकडून तुलना करून घ्यावी. सुखात्मे यांचा मुद्दा त्यांना त्यातून पुस्तकापेक्षा अधिक स्पष्टपणे उमगेल.