मागे वळून पाहणारी मुलगी

गिरणी कामगारांचा संप म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषांचे मोर्चे येतात. मला मात्र अकरा वर्षांची एक मुलगी आठवते. हॅरिएट हॅन्सन तिचं नाव.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, मेरिमॅक नदीकाठी लॉवेल हे गिरण्यांचं गाव वसलं. तिथली पहिली मोठी कापड गिरणी १८२३ मध्ये सुरू झाली. यंत्रं नदीच्या पाण्यावर चालत आणि ती चालवायला आसपासच्या शेतकरी घरांतल्या तरुण मुली येत. कुणाला भावाच्या शिक्षणासाठी पैसे धाडायचे असत, कुणाला घरचं कर्ज फेडायचं असे. त्या गिरणीच्या वसतिगृहात राहत. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. बारा-तेरा तासांचं काम घंटेवर चाले. तरीही रात्री या मुली वाचत, व्याख्यानांना जात. १८४० ते १८४५ या काळात त्यांच्याच लेखनावर 'लॉवेल ऑफरिंग' हे मासिक चाललं.

त्या विणत तो कापूस मात्र दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे, हेही विसरता येत नाही.

१८३४ मध्ये पगारकपातीविरुद्ध संप झाला, तो फसला. १८३६ मध्ये राहण्या-जेवण्याचा खर्च वाढवला, तेव्हा हजारावर मुली पुन्हा बाहेर पडल्या. हॅरिएटचं काम भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावण्याचं. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली घुटमळत होत्या. कुणी येवो न येवो, मी जाणार, असं म्हणून ही पोर निघाली आणि मागोमाग सगळ्या निघाल्या. शिक्षा झाली ती तिच्या आईला. गिरणीचं वसतिगृह चालवणाऱ्या त्या विधवेचं काम गेलं. मोठ्या मुली आवरणं हाती नव्हतं, पण स्वतःची लेक तरी आवरायची होती, असं तिला सुनावलं गेलं.

पुढे सारा बॅग्ली यांच्या नेतृत्वाखाली मुलींनी संघटना उभारली आणि १८४५ मध्ये दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज केला. मत नसलेल्या बायकांचं कोण ऐकणार? मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांसाठी तो कायदा झाला १८७४ मध्ये.

हॅरिएट पुढे मताधिकारासाठी झटल्या. आपल्या मागे आलेली ती रांग वळून पाहताना जो अभिमान वाटला, तो नंतरच्या कुठल्याच यशाने दिला नाही, असं त्यांनी १८९८ च्या आठवणींत लिहिलं. तसा अभिमान पुन्हा वाटेल तो स्त्रियांना मत मिळेल तेव्हाच, असं त्यांना वाटे. देशभरातल्या स्त्रियांचा मताचा हक्क १९२० मध्ये घटनेत आला. हॅरिएट १९११ मध्येच गेल्या होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)