हुजुरास अर्ज

परळच्या भोईवाड्यात न्यायालय आहे, आणि त्याच्याच आसमंतात केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये आहेत. म्हणजे ज्या दोन ठिकाणी माणसाला दाद मागण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही, ती दोन्ही या एका वस्तीच्या वाट्याला आली आहेत. न्यायालयात गुदरावयाचा अर्ज जाणत्या माणसाकडून लिहून घेता येतो आणि त्याचा मायनाही ठरलेला असतो. परंतु रुग्णालयाच्या बाकावर बसलेली एखादी आई मांडीवरच्या वहीत जे लिहीत असते, मग ते ओळीमागून ओळ रामनाम असो, पाठ असलेला हरिपाठ असो, की केवळ स्वतःच्या मोडक्या शब्दांतले मागणे असो, त्याला कारकून नसतो, तिकीट नसते आणि निकालाची तारीखही नसते.

या दुसऱ्या अर्जाची परंपरा मराठीत फार जुनी आहे, आणि कौतुकाची गोष्ट अशी की तिने आपली भाषा पहिल्याच अर्जाकडून उसनी घेतली. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्या सेवेत असताना हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. दफ्तराशी ज्याचा असा निकट परिचय, त्याने परमेश्वरास विनंती करताना ‘अर्जदस्त’ या नावाचे भारूड रचावे, त्यात देहाचा परगणा करावा, जीवाला त्यावर शेकदार नेमावे, मनाला देशमुखी आणि ममतेला देशपांडेपण द्यावे, आणि ही मंडळी सरकारकाम कसे चालू देत नाहीत याची तक्रार रीतसर हुजुरास कळवावी, हे सर्वथैव स्वाभाविक होते. मला यातील विनोदापेक्षा शिस्त अधिक मोलाची वाटते. तक्रार अर्जाच्या रूपाने मांडावयाची म्हणजे प्रतिवादी कोण हे नावनिशीवार सांगणे आले; आणि तसे सांगू गेल्यावर सगळे प्रतिवादी आपल्याच घरचे निघतात, ही गोष्ट नाथांनी उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता वाचकाच्या पदरी घातली आहे.

तुकोबांनी हाच मार्ग निराळ्या रीतीने चोखाळला. स्वतःला पंढरीस जाता येईना, तेव्हा त्यांनी वारकऱ्यांच्या हाती विठ्ठलासाठी पत्ररूप अभंग धाडले, आणि ती पत्रिका गाथ्यात आजही वाचावयास मिळते. इंद्रायणीत बुडविल्या गेल्या त्या त्यांच्या वह्याच होत्या, हेही विसरता कामा नये. नुसत्या मुखी असलेल्या प्रार्थनेला कोणी नदीत बुडवू शकला नसता. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला, आणि अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सारख्या राखाव्या, समास किती सोडावा, येथपर्यंतचा तपशील त्यात घातला. त्यांच्या हातचे म्हणून मानले जाणारे वाल्मीकिरामायण धुळ्यास जपून ठेवले आहे.

पुढे मुद्रण आले, आणि हाताने लिहिण्याचे प्रयोजन संपावे असा योग जुळला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असते या समजुतीने सोवळी मंडळी छापील पोथीस शिवत नसत, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्याने सरकारी साहाय्याने तुकोबांचा गाथा छापला. पोथ्या स्वस्त झाल्या, लहिया हा पेशा म्हणून अस्तास गेला. पण वही गेली नाही. ज्यांना पोथी विकत घेता येत होती तेही तिच्यातला मजकूर पुन्हा हाताने उतरून काढीतच राहिले.

याचे प्रत्यंतर गिरणगावात जितके मिळते तितके क्वचितच अन्यत्र मिळेल. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून जो कामगार परळ-लालबागेत आला, त्याच्या गावी प्रार्थना ही बहुधा बोलण्याची आणि सर्वांच्या वतीने करण्याची गोष्ट होती. कोकणात ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालतो तो गुरव किंवा मानकरी. बाकीचा गाव फक्त ‘होय महाराजा’ म्हणतो, आणि आपल्या घरचे दुखणे त्या सामुदायिक होकारात मिसळून टाकतो. मुंबईच्या चाळीत ना मानकरी होता, ना राखणदाराचे देऊळ. गावाकडचे पत्रसुद्धा शेजारच्या शिकलेल्या इसमाकडून लिहून घ्यावे लागे, आणि बायकोला जे लिहावयाचे ते परक्याच्या लेखणीतून गेल्यामुळे अर्धे मनातच राही. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी निराश्रित साह्यकारी मंडळीची पहिली शाळा परळलाच मुरारजी वालजींच्या बंगल्यात उघडली. १९११ साली स्थापन झालेल्या ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रशाळा चालविल्या. पाळी संपवून आलेला प्रौढ मनुष्य तेथे कित्ता गिरवू लागला, आणि ज्याचे मागणे आजवर दुसऱ्याच्या तोंडून जात होते, त्याला ते स्वतःच्या हाताने मांडता येण्याची सोय झाली.

भजनी मंडळाची वही हे या साक्षरतेचे अत्यंत देखणे फळ होय. लांबट हिशेबी चोपडीत रूपावली, अभंग, गवळण, गजर असा क्रम लावलेला, समासात रागाचे वा चालीचे नाव, आणि पहिल्या पानावर गजाननाचे स्मरण. बुवाने ती कोणास सहजासहजी द्यावयाची नाही, शिष्याने ती समोर ठेवून उतरून घ्यावयाची, आणि तसे करताना काना-मात्रा चुकली तर बुवाची बोलणी खावयाची. छापील गाथ्यातील अभंग सर्वांचा असतो. वहीतला अभंग उतरून घेणाऱ्याच्या हाताखालून एकदा गेलेला असतो, म्हणून तो तोंडी बसतो.

ही चाल हिंदूंपुरती मर्यादित आहे असेही नाही. भोईवाड्यापासून फार दूर नसलेल्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालते, आणि तेथे नाना धर्मांचे लोक येऊन मागण्याची आणि आभाराची पत्रे लिहून ठेवतात. मला या आभारपत्रांचे विशेष अगत्य वाटते. नवस फेडणारे पुष्कळ असतात. पण काय मागितले होते आणि काय मिळाले, हे लिहून रुजू करण्यास मन अधिक प्रामाणिक असावे लागते.

लिहिण्याने लाभ काय, असे कोणी विचारील. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मनातील आघाताविषयी काही दिवस सलग लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढील महिन्यांत दवाखान्याची वाट कमी वेळा धरावी लागली. त्यावरून देव पत्रे वाचतो हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करण्याची भाविकाला गरजही नाही. परंतु बोलताना ‘सगळे चांगले कर’ एवढ्यावर माणसाचे भागते. लिहू लागला की सगळे म्हणजे काय, कोणाचे, आणि आपण त्यासाठी काय केले, ही कलमे एकामागून एक उपस्थित होतात. हात मनापेक्षा मंद चालतो, आणि त्या मंदपणामुळेच अवास्तव मागणी अर्ध्या ओळीत लाजून थांबते. लिखित जपाचे जे लाख-कोटींचे संकल्प सोडले जातात, त्यांविषयी मात्र माझे मत सावध आहे. आकडा भरण्याच्या घाईत अक्षर बिघडते, आणि मग समर्थांच्या त्या समासाला अर्थ उरत नाही.

धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली, राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतील रुमाल सोडविले. चाळींतील पेट्या उघडण्यास मात्र तसा कोणी फिरला नाही. नायगावच्या बीडीडी चाळी आता पाडून नव्याने बांधल्या जात आहेत, आणि खोली रिकामी करताना आजोबांची भजनाची वही, आजीने रामनामाने भरलेल्या वह्या यांचे काय करावे, असा प्रश्न घरोघर पडतो. काहीजण त्या पाण्यात सोडतात, काही रद्दीत जातात. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाने एक कपाट मोकळे केले आणि वह्या स्वीकारण्याची सूचना या चाळींच्या जिन्यांवर लावली, तर या कामास आजही उशीर झालेला नाही.