टाळ्यांच्या गजरात हरवलेले उत्तर

१९८५ साली दूरदर्शनने मंत्र्यांना सामान्य माणसांसमोर बसवले, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. तेव्हा मात्र ते नवल होते. कार्यक्रमाचे नाव ‘जनवाणी’, सूत्रधार विनोद दुआ. वाहिनी एकच, तीही सरकारची. एरवी मंत्री पडद्यावर दिसायचे ते फीत कापताना किंवा गळ्यात हार घालून घेताना. इथे लोक त्यांना तोंडावर विचारत होते. आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी टीव्ही होता. दाराशी उकिडवे बसलेले एक चाचा मंत्र्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “अरे, घासलेट का पूछो ना उसकू!” आपला प्रश्न त्या पडद्याच्या आत पोहोचू शकतो, असे त्यांना पहिल्यांदाच वाटले असावे. ‘जनवाणी’ काही फार वर्षे चालली नाही.

पुढे ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला. भारतातून खासगी वाहिनीला उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्याची तेव्हा मुभा नव्हती. त्यामुळे इथे चित्रित केलेल्या फिती हाँगकाँगला जात आणि तिथून आपल्या घरांत उतरत. आपल्याच पुढाऱ्याला विचारलेला प्रश्न परदेशवारी करून आपल्यापर्यंत येई, ही त्या काळातली गंमत. ध्वनिलहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, त्या जनतेच्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९५ साली.

१९९३ मध्ये झीवर ‘आप की अदालत’ सुरू झाली. रजत शर्मा आरोप वाचणार, पाहुणा आरोपीच्या पिंजऱ्यात, समोर प्रेक्षक आणि वर निकाल द्यायला न्यायाधीश म्हणून एखादी नामवंत व्यक्ती. सुरुवातीच्या पाहुण्यांत लालूप्रसाद यादव होते. मी तेव्हा बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो, म्हणजे वेळ भरपूर होता. पुढाऱ्याला पिंजऱ्यात उभे केलेले पाहून आम्हा पोरांना जो आनंद व्हायचा, तो खोटा नव्हता. ज्याच्या गाडीपुढे रस्ता रिकामा करतात, त्याला कोणीतरी नाव घेऊन जाब विचारत होते.

पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मुशायऱ्यांत मी पुष्कळ वर्षे बसलो आहे, आधी खाली सतरंजीवर, मग वर. दाद आली की शायर तोच मिसरा पुन्हा वाचतो, आवाज चढवतो, आणि मिसऱ्यात नेमके काय आहे याकडे मग कोणी फारसे पाहत नाही. अदालतीत तेच होई. गैरव्यवहाराचा प्रश्न आला की पाहुणा एक कोटी करी. सभागृह हसे, टाळ्या पडत, आणि मुलाखतकार पुढच्या आरोपाकडे वळे. मी पाहिलेले बहुतेक निकाल आरोपीच्या बाजूचेच होते. हजरजबाबी माणूस तिथून सुटून जाई. तोतऱ्या पण प्रामाणिक माणसाचे तिथे काय झाले असते, असे मला नेहमी वाटे.

दुसरी रीत दोन खुर्च्यांची. ती ब्रिटनमध्ये मुरलेली. तिथे ‘वीकेंड वर्ल्ड’ या रविवारच्या कार्यक्रमात ब्रायन वॉल्डेन एकाच विषयावर मंत्र्याला धरून ठेवत. उत्तर टाळले गेले तर पुढे काय विचारायचे, याचाही आराखडा आधी तयार असे. आठवड्यातून एकदाच बोलायचे असल्याने अभ्यासाला सवड मिळे. त्याच लंडन वीकेंड टेलिव्हिजनमध्ये करण थापर यांनी कितीतरी वर्षे काम केले आणि ती रीत ते इकडे घेऊन आले. २००४ मध्ये बीबीसीवर त्यांनी जयललितांची मुलाखत घेतली. शेवटी, आपल्याशी बोलून आनंद झाला, असे ते म्हणाले. आपल्याला तो झाला नाही, असे जयललितांनी सांगितले आणि मायक्रोफोन काढून ठेवला. समोर प्रेक्षकच नव्हते. त्यामुळे तिथे टाळीवर निभावून नेता येत नसे.

ऑक्टोबर २००७ मध्ये सीएनएन-आयबीएनवरच्या ‘डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट’मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी आले. २००२ च्या हत्याकांडाबद्दल खेद व्यक्त का करत नाही, या रोखाने प्रश्न आला. त्यांनी पाणी मागितले, आणि काही मिनिटांतच मुलाखत संपली. ते दृश्य आमच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहिले. आम्हाला उत्तर हवे होते. कसेही असते तरी ते ऐकले असते, त्याच्याशी भांडलो असतो, कदाचित त्याने थोडे बरेही वाटले असते. नंतर ती काही मिनिटे पुन्हा पुन्हा दाखवली गेली. आज लोकांना विचारा: उठून जाणे सगळ्यांना आठवते, पाण्याचा पेला आठवतो, प्रश्न काय होता ते सांगताना मात्र चाचपडतात. पुढे एप्रिल २०१४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, मोदी ‘आप की अदालत’च्या पिंजऱ्यात उभे राहिले. तिथे प्रेक्षक होते.

आपल्या मराठीत अदालत फारशी रुजली नाही, ‘माझा कट्टा’ रुजला. बसा, बोला, जरा मोकळे व्हा, असा तो आपला स्वभाव. निखिल वागळे यांची ‘ग्रेट भेट’ही लोक आवडीने पाहत. कट्ट्यावर माणूस उलगडतो, हे खरे. मात्र पुढाऱ्याचे बालपण ऐकता ऐकता त्याच्या खात्याचे विचारायचे राहून जाते, हेही मी पाहिले आहे.

दरम्यान रोज रात्रीच्या चर्चांनी आठवड्याच्या मुलाखतीची जागा खाल्ली. आठ चौकटी, आठ तोंडे, आणि खुद्द मंत्री बहुधा त्यात नसतो. तो प्रवक्ता पाठवतो. पुढाऱ्यांना आता पिंजऱ्याचीही गरज उरलेली नाही, ते स्वतःच्या मोबाइलवरून थेट बोलतात. पंतप्रधानांची ‘मन की बात’ २०१४ मध्ये याच आकाशवाणीवर सुरू झाली. तिथे समोर कोणी बसलेले नसते. तसा या क्षणी मीही माइकसमोर एकटाच बोलतो आहे, पण माझ्याकडे कुठले खाते नाही. घासलेटचे विचारा म्हणणारे चाचा असते, तर त्यांनी मलाही मधेच थांबवले असते.